आतला जिना

नाताळात उमुएकेची हे आमचं गाव भरतं. वर्षभर आबा शहरात, लेगॉसला, कुठं कुठं पोटामागं गेलेली माणसं घरी येतात, आणि दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली की घोळक्यानं घरं बघायला निघतात. कुणाचं जोतं झालं, कुणाच्या भिंती चढल्या, कुणाचा पत्रा बसला. तोंडात शुभेच्छा असतात आणि डोळ्यांत ओळंबा.

एरोंडूच्या आवारापाशी हा घोळका हमखास थांबायचा. जागा मोक्याची, रस्त्याला लागून. भिंती डोक्याच्या वर गेलेल्या, पण माथा उघडा. कोपऱ्याकोपऱ्याला जाडजूड खांब आणि त्यांच्या टाळूतून वर निघालेल्या लोखंडी सळ्या, गंजून तांबड्या झालेल्या. आत एक जिना. सिमेंटचा, घोटून गुळगुळीत केलेला, कठड्यासकट. तो ऐटीत वर चढत जायचा, आणि जिथं पोचायचा तिथं काही नव्हतं.

"माडीवाले, जिना कुठं जातो हो तुमचा?"

"वर," एरोंडू म्हणायचा.

"वर कुणाकडं?"

"तुला बोलावणं धाडीन तेव्हा बघ की."

हशा पिकायचा. एरोंडू स्वतःही हसायचा. किडकिडीत माणूस, पण हसणं अंगापेक्षा मोठं. त्याची बायको अहुन्ना मात्र तेवढ्यात पाठमोरी व्हायची आणि धुतलेली भांडी पुन्हा विसळायला घ्यायची. खांब एरोंडूचे होते, सळ्या एरोंडूच्या होत्या, पण जिना तिचा होता. तिनं मागितलेला.

पाया खणला तेव्हा थोरली अडाकू तिच्या पाठीवर बांधलेली होती. एरोंडूचे तेव्हा दिवस चांगले होते. आबाच्या बाजारात चपला-बूट बनवणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं त्याचं नुकतंच स्वतःचं बाकडं झालं होतं. सीमेपलीकडचे व्यापारी त्याच्या हातची सँडल पोतीच्या पोती भरून न्यायचे. पायाच्या दिवशी त्यानं भावकीला ताडी पाजली, बकरा कापला आणि गवंड्याला सांगितलं, "वर दोन मजले चढतील एवढा खोल घे."

गवंड्यानं फावडं टेकलं आणि एरोंडूच्या थोरल्या भावाकडं, न्वोगूकडं बघितलं. न्वोगू ताडीचा भोपळा मांडीत घेऊन खड्ड्याच्या काठावर बसला होता.

"काय रे, विहीर खणतोयस का?"

"घर खणतोय, देदे." आमच्याकडं थोरल्या भावाला देदे म्हणतात.

"घर वर बांधतात. तू खालीच निघालास."

"वर जायचंय म्हणून तर खाली चाललोय. देदे, पाया एकदाच घालता येतो. आज दोन खोल्यांचा घातला की जन्मभर दोनच खोल्या. पोरं वाढतील, मन वाढेल, पाया काही वाढत नाही."

"आणि पाया मोठा झाला नि माणूस लहान राहिला तर?"

एरोंडूनं ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. काठीनं तो मातीत रेघा ओढायला लागला होता. "अहुन्ना, इकडं ये. ही बैठकीची खोली. ही तुझी चूल. आणि वर, रस्त्याच्या अंगाला, ही गॅलरी. तू इथं केस मोकळे सोडून बसायचं. खालनं जाणाऱ्याला मान वर करून नमस्कार घालावा लागेल."

"आणि मी वर जाऊ कशी? उडून?"

"बाहेरनं जिना काढू. सगळ्यांचा तसाच असतो."

"बाहेरनं नको," अहुन्ना म्हणाली. आपण बोलतोय हे तिला बोलल्यावर कळलं. "बाहेरच्या जिन्यानं भाडेकरू चढतात. मला आतनं हवा. पाऊस असो, काही असो, लेकरू कडेवर घेऊन दार न उघडता वर जाता आलं पाहिजे."

न्वोगूनं भोपळा खाली ठेवला. "झालं. इतके दिवस एकच वेडा होता, आता जोडी जमली."

एरोंडू मात्र तिच्याकडं असा बघत राहिला, जणू तिला आजच पहिल्यांदा बघतोय. आणि पुढं त्यानं काय केलं, तर भिंती पुऱ्या व्हायच्या आधी जिना बांधून घेतला. गवंडी डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो, स्लॅबशिवाय जिना म्हणजे दोरीशिवाय पतंग." एरोंडू म्हणाला, "तू पतंग कर. दोरी मी आणतो."

दोरी आली नाही. बोटीनं तयार बूट यायला लागले, स्वस्त, चकचकीत. व्यापारी गल्लीच्या तोंडाशीच वळायला लागले. दुसरी मुलगी झाली, तिचं नाव ओलाची, मग घर भरलं. मुलगा काही झाला नाही. आबातल्या त्या लांबलचक चाळवजा घरात, समोरासमोरच्या दारांच्या रांगेत, एका खोलीत चौघं. एरोंडू दिवसभर रापीनं बुटांचे तळ कापायचा, बोटानं चिकटवायचं सोल्यूशन फासायचा, आणि अहुन्ना दारात कढई ठेवून चवळीची भजी तळायची. काही नाताळांना एक खांब उभा राहिला. काही नाताळांना नुसतं गवत कापलं गेलं.

एका बऱ्या वर्षी एरोंडूनं स्लॅबसाठी सिमेंट घेऊन ठेवलं. सळ्या पुढच्या वर्षी. पोती गावात पत्र्याच्या आडोशाला रचली, वर प्लॅस्टिक घातलं. पुढच्या वर्षी सळ्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. ओल लागून पोत्यांतच सिमेंटचे धोंडे झाले. कागद सोलून काढला तर पोत्याच्या सुरकुत्यासुद्धा तशाच उमटलेल्या. एरोंडूनं ते धोंडे भिंतीशी रांगेत मांडले. कुणी आलं की हात करून म्हणायचा, "बसा, बसा. वरच्या मजल्यावर बसा."

लोक पोट धरून हसायचे. एका नाताळानंतर आबाला परतताना मोटारीत अहुन्नानं तोंड खिडकीकडं फिरवून ठेवलं.

बोलली ती दुसऱ्या दिवशी, कढईत भजी सोडता सोडता. "दोन खोल्यांवर पत्रा घाला, अडाकूचे बाबा."

"पत्रा घालायचा तर सळ्या कापाव्या लागतात."

"मग कापा."

"सळई कापली की वर जोड मिळत नाही. आज कापली की संपलं."

"आज नाही कापली तरी काय सुरू झालंय? तुमच्या मागनं पाया घातलेले आता खिडक्यांना दुसरा रंग देतायत."

"त्यांनी लहान मागितलं, त्यांना लवकर मिळालं."

"तुम्ही मोठं मागितलंत, तुम्हाला काय मिळालं?"

"मी एकट्यानं मागितलं? आतनं जिना कुणाला हवा होता?"

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

"मला तेव्हाचीच तू आवडतेस," एरोंडू म्हणाला, आणि रापी दगडावर घासायला लागला. या माणसाशी भांडण करणं असं असायचं. जिंकत आल्यासारखं वाटायचं आणि हातात काहीच यायचं नाही.

मग खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसाचा, मग जिना-पायऱ्यांचं नाव काढलं तरी येणारा. इतकी वर्षं सोल्यूशनच्या वाफेत नाक घालून काढलेली. दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि अडाकूला बाहेर बोलावलं. अडाकू आता शिवणकाम करायची, बोलायला बापासारखी गोल नव्हती. बाहेर येऊन तिनं आईला सरळ सांगितलं. "छाती गेली आहे. पुढचा पावसाळा बघतील असं वाटत नाही म्हणाले."

त्या आठवड्यात न्वोगू भावाला भेटायला आबाला आला. संत्री आणली होती, सोलून भरवली. जाताना अहुन्नाच्या कढईशी थांबला.

"बैठकीच्या खोलीला नवे पडदे लावतोय म्हटलं."

"बरं केलंत, देदे. कशाला एवढ्यात?"

"वेळ काय सांगून येते? लोक येतील-जातील. भावाचं दार म्हणजे काही परक्याचं दार नाही, अडाकूच्या आई."

तो गेल्यावर भज्यांचा एक घाणा जळाला. आमच्याकडं माणूस गेला की त्याला गावी आणतात आणि त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली निजवतात. सगळं गाव समोरून जातं, मग त्याच्याच अंगणात त्याला पुरतात. ज्याला छप्पर नाही त्याला भावाच्या दारी उतरवतात. आणि ज्या दारी तो उतरला, त्या दारामागं त्याची जमीनही हळूहळू चालत जाते. पाठी मुलगा असेल तर जमीन त्याच्याकडं राहते. दोन मुली असतील तर कुणी काही म्हणत नाही, नुसते पडदे बदलतात.

अहुन्नाची भिशी त्याच महिन्यात लागली. ती घेऊन ती गावी गेली आणि उबानी सुताराला भिंतींशी उभं केलं. उबानी कानामागं पेन्सिल ठेवून चारी बाजूंनी फिरला. खांब थोपटले. "भिंती हत्ती पेलतील अशा आहेत. छप्पर चढवतो. सळ्या सगळ्या उडवाव्या लागतील."

"उडवा."

"आणि हा जिना? पत्रा बरोबर याच्या डोक्यावर येणार. वरच्या पायऱ्यांवर माणूस उभा नाही राहणार."

"कुणाला राहायचंय?"

पण नवऱ्याला न सांगता सळ्यांना हात लावायचा तिला धीर झाला नाही. परत आबाला येऊन ती त्याच्या उशाशी बसली. "सळ्या कापतेय."

एरोंडू छताकडं बघत होता. चाळीचं छत, कोळीष्टकांचं. "सगळ्या?"

"सगळ्या."

एरोंडूनं कूस वळवली. मग म्हणाला, "उबानीचं पातं नवं आहे का बघ. बोथट पात्यानं सळई कुरतडते. कापायची तर नीट कापा."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी भीतीच वाटली. एवढ्या सहज हा माणूस आयुष्यात कधी काही कबूल झाला नव्हता.

"मला एक दे फक्त," तो म्हणाला. "जिन्यावरचा एक पत्रा खिळू नका. नुसता ठेवा."

"आणि वारा आला म्हणजे?"

"वजन ठेवा वर. आपला वरचा मजला आहे की भिंतीशी, त्यातला एक चढवा."

"कशाला पण? काय करायचंय त्या पत्र्याचं?"

"तो खिळला की घर झालं, अहुन्ना. नाही खिळला म्हणजे अजून चाललंय."

ती हो म्हणाली. इतकी वर्षं त्याला नाही म्हणून म्हणून तिची जीभ झिजली होती, आणि मागणी तरी केवढी, एक पत्रा. उबानीला हे सांगितलं तेव्हा त्यानं तोंडातले खिळे हातात काढले. "अडाकूच्या आई, वाऱ्याला आत शिरायला एवढीशी फट दिली की तो सगळं छप्पर खांद्यावर घेतो. मी अशी छपरं उचलून आणलीत शेतातनं."

"आजारी माणसाचं मन आहे. थोडे दिवस."

"तुमचं घर," उबानी म्हणाला. त्यानं सिमेंटचा एक धोंडा दोघांच्या मदतीनं वर चढवून त्या पत्र्यावर बसवला. खाली उतरल्यावर हात झटकले, पण बघत वरच राहिला.

नाताळाला एरोंडूला गावी आणलं ते भाड्याच्या गाडीत, उशांना टेकवून. छप्पर त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. घोळका आला, थांबला. इतक्या वर्षांची थट्टा एकदम हातातून गेली होती.

"माडीवाले, पत्रा बसला की," शेवटी एकजण म्हणाला.

"बसला."

"अभिनंदन बरं का. आणि आता जिना?"

"जिन्याला दार आहे अजून," एरोंडू म्हणाला. आणि सगळ्यांदेखत उठला. अहुन्ना धावली, तिचा हात त्यानं बाजूला सारला. एकेक पायरी, हाता-पायांवर, मध्ये खोकत, थांबत, तो वर गेला. छपराला डोकं लागलं तेव्हा वाकून बसला, दोन्ही तळवे पत्र्याला लावले आणि ढकललं. धोंड्यासकट पत्रा वीतभर सरकला. जिन्यावर उन्हाची पट्टी पडली. त्यानं फटीला डोळा लावला.

"उतरा आता, जेवण निवतंय," अहुन्ना खालून म्हणाली.

"थांब. न्वोगूचं छप्पर दिसतंय. मागच्या अंगानं पार गंजलंय."

घोळका असा हसला की आवारातल्या बकऱ्या उठल्या. न्वोगूसुद्धा हसला. पुढं अहुन्नाला तो दिवस आठवला की आधी तो हशा ऐकू यायचा.

एरोंडू पुन्हा आबाला गेला नाही. खाटेवरून त्याला जिना दिसायचा आणि वर त्या पत्र्याच्या कडेची उजेडाची रेघ. हरमाटन या कोरड्या वाऱ्याची धूळ बसून आभाळ मोकळं व्हायला लागलं त्या सुमारास, सकाळची पेज अर्धी टाकून, तो गेला. स्वतःच्या छपराखाली गेला, एवढं तरी झालं, असं बायका म्हणाल्या. शव शहरातल्या शवागारात ठेवलं आणि भावकीनं मातीचा दिवस ठरवला. माहेरवाशिणींना, सोयऱ्यांना निरोप गेले.

उबानी न बोलावता आला. खांद्यावर शिडी, तोंडात खिळे.

"आता तो पत्रा मारून टाकू. वाऱ्यांचे दिवस आलेत, आणि हे पहिले वारे फार वाईट."

"मारा, काका," अडाकू म्हणाली.

अहुन्नानं शिडीवर हात ठेवला. "त्यांना आणू दे. एकदा या छपराखाली निजू दे. मग त्याच दिवशी मारा."

"अगं आई, काय बोलतेस?"

"शब्द दिलाय मी त्यांना."

"शब्द जिवंत माणसाला दिला होतास. छप्पर मेलेल्या माणसासाठी घातलंय आपण."

"थोडेच दिवस राहिलेत."

"हे कोण बोलतंय?" अडाकू म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकतेय, पत्रा आधी, पत्रा आधी. चाळीतल्या सगळ्यांना पाठ होतं. आज बाबा गेले तर तू बाबांसारखी बोलायला लागलीस?"

अहुन्नानं शिडीवरचा हात काढला नाही. मुलीचं बरोबर आहे हे तिला कळत होतं. उबानीचं बरोबर आहे हेही कळत होतं. पण तो खिळा ठोकला की एरोंडूचं 'अजून चाललंय' तिच्याच हातानं संपणार होतं, आणि ते ती मातीच्या आदल्या दिवसापर्यंत पुढं ढकलत राहिली. एरोंडू सळ्यांचं जसं ढकलत आला तसंच.

माती द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात मांडव घातलेला, भाड्याच्या खुर्च्या उतरवलेल्या, बायका यामचे कंद सोलत बसलेल्या. आधी बकऱ्या पळाल्या. मग पाम झाडांचे शेंडे सगळे एकाच दिशेला वळले आणि रस्त्याची लाल धूळ भिंतीसारखी उभी राहून आली. मांडव गेला. खुर्च्या एकमेकींवर पडत गेल्या. अहुन्ना दारात पोचली तेव्हा तो पत्रा बोलायला लागला होता, दबक्या आवाजात, दात वाजल्यासारखा. मग धोंडा घसरला. जिन्यावर आदळून त्यानं एका पायरीचा कोपरा उडवला आणि तिच्या पायाशी येऊन थांबला. पत्रा उभा राहिला, गेला. आणि त्या भगदाडातून वारा आत आला. सगळ्या छपरानं एकदा श्वास घेतल्यासारखं केलं, वाशांसकट, आधाराच्या लाकडी कैच्यांसकट भिंतींवरून उठलं, आणि झाकण उचलावं तसं उचलून पलीकडच्या कसाव्याच्या शेतात उपडं झालं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग पाऊस आला आणि खोल्या भरल्या.

अडाकूनं कमरेचं कापड वर खोचलं आणि शेतात जाऊन पत्रे गोळा करायला लागली. कागदासारखे दुमडलेले होते. उबानी भिजत उभा होता. "लाकडं फाटलीत," तो म्हणाला. "उद्यापर्यंत नाही होणार, पोरी. कुणीही नाही करू शकणार."

न्वोगू छत्री घेऊन आला. उघड्या भिंतींत उभा राहून त्यानं वर बघितलं. मी सांगत होतो, असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर अहुन्नाला सोपं गेलं असतं. त्यानं छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"पडदे धुऊन ठेवलेत," तो म्हणाला. "उद्या माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी शवागाराची गाडी भोंगा वाजवत आली तेव्हा अहुन्ना एरोंडूच्या फाटकात, वाट अडवून उभी होती. पहाटेपासून तिनं आणि ओलाचीनं खोली कोरडी केली होती, चटया घातल्या होत्या.

"इथंच उतरवा."

भावकीतला सगळ्यात जुना म्हातारा काठी टेकत पुढं आला. "पोरी, आत चिखल आहे."

"उपसलाय मी."

"वर आभाळ आहे."

"आभाळ त्यांना नवं नाही."

म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "छप्पर नाही त्याला आपण घर म्हणत नाही. मी म्हणत नाही, माझा बाप म्हणत नव्हता. आणि बाई, तूच तर इतकी वर्षं हे ओरडत होतीस. तेव्हा खोटं बोलत होतीस का?"

गाडीचा भोंगा मध्येच थांबला. सगळं गाव ऐकत होतं. अहुन्नानं जिन्याकडं बघितलं, मग अडाकूकडं. अडाकूनं मान खाली घातली.

अहुन्ना बाजूला झाली.

एरोंडू न्वोगूच्या बैठकीच्या खोलीत निजला. पायांत त्यानं स्वतः शिवलेले बूट होते, अडाकूनं पॉलिश केलेले. लोक समोरून गेले. रडले, गायले, आणि बाहेर येऊन म्हणाले, पडदे छान आहेत.

खड्डा मात्र त्याच्याच अंगणात खणायला घेतला, गॅलरी जिथं यायची होती तिच्या खाली. पोरांची कुदळ ठणकन वाजली. काँक्रीट. थोडं सरकून खणलं, पुन्हा ठणकन. खांबांच्या बुडाचे चौथरे इतके रुंद घालून ठेवले होते त्यानं.

"हा माणूस खालच्या अंगानं बांधतच होता की काय," एक पोरगा घाम पुसत म्हणाला. दुसरे हसले.

"वर जायचं होतं त्याला," न्वोगू म्हणाला. तो तोंड फिरवून उभा राहिला. शेवटी खड्डा अंगणाच्या पार कडेला, रस्त्याच्या गटाराशी खणावा लागला. तेवढीच जागा मऊ होती.

भावकी बसली ती पुढच्या महिन्यात. मानाची कोला-सुपारी फुटली, वाटली गेली. न्वोगू गप्पच होता. बोलायचं काम दुसऱ्यांनी केलं. भिंती नुसत्या आहेत, पोरी उद्या लग्न होऊन जातील, बाई आबाला राहते, जागा रस्त्यावरची आहे.

"मी इथं राहणार," अहुन्ना म्हणाली.

"कुठं इथं?"

"मागच्या खोलीत."

उबानीनं शेतातले पत्रे हातोडीनं सरळ केले. एका खोलीपुरते निघाले. अहुन्ना खाली उभी राहून बघत होती, प्रत्येक पत्रा मारून होईतो, आणि जिथं एक खिळा पुरला असता तिथं तिनं दोन मारायला लावले. अडाकू तिकडं आबात शिवणाचं मशीन चालवते. महिन्यातून एकदा येते, आईला मीठ-तेल देते. त्या पत्र्याबद्दल दोघी बोलत नाहीत. त्या खोलीतून सकाळ-संध्याकाळ चुलीचा धूर निघतो, आणि धूर निघतोय तोवर भावकी काही म्हणत नाही. अहुन्नाच्या मागं काय, हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजच नाही.

पुढच्या भिंती उघड्याच राहिल्या. पावसानं दोन ढासळल्या, त्यांचे ब्लॉक कुणीतरी नेले. जिना तेवढा तसाच आहे, आता चारी बाजूंनी मोकळा. दिवसभर त्याच्यावर ऊन असतं. अहुन्ना पायऱ्यांवर मिरच्या वाळवते, कसाव्याचे काप वाळवते. कोपरा उडालेली पायरी ती रिकामी ठेवते, तिच्यावर पसरलेलं ओघळून जातं.

यंदाच्या नाताळात घोळका आला तेव्हा त्यात न्वोगूच्या घरची नवी सून होती. जुन्यांनी पावलं भरभर उचलली, पण तिला काही ठाऊक नव्हतं. ती थांबली.

"काकू, जिना छान आहे हो. असा बाहेरनं असला की बरं पडत असेल."

मागं कुणीतरी तिचा दंड धरला. अहुन्ना काप उलटे करत होती. ती थांबली नाही.

"भाडेकरूंना बरा," ती म्हणाली. आणि खालच्या पायरीवर सावली आली होती म्हणून सूप उचलून एक पायरी वर चढली.